दिंडीच्या गाडीवरील पाणी : निगा, तपास आणि दुरुस्ती

काही वर्षांपूर्वी आषाढाच्या तोंडावर लातूरहून पंढरपुराकडे निघालेल्या एका दिंडीबरोबर मी चालत होतो. बार्शीच्या अलीकडील एका मुक्कामावर, दिवसभराच्या वाटचालीने थकलेली साठेक माणसे हातपाय धुण्यासाठी मालमोटारीच्या मागे रांग धरून उभी असता, तोटीची धार प्रथम बारीक झाली, मग थेंबाथेंबाने गळू लागली आणि शेवटी साफ थांबली. टाकी त्याच दिवशी दुपारी काठोकाठ भरलेली होती. चालकाने तोटी उघडून पाहिली, कोणी नळीला फुंकर घातली, आणि एकाने तर टाकीचे टँक निपल सैल करण्यासाठी पानाही हाती घेतला. अखेर आचाऱ्याचा मदतनीस, टाकीत पाणी आहे की नाही एवढेच पाहावे म्हणून वर चढला आणि धुळीपासून बचाव व्हावा म्हणून झाकणाभोवती घट्ट आवळून बांधलेला प्लास्टिकचा कागद त्याने सोडला. त्याबरोबर आत हवा शिरल्याचा दीर्घ सुस्कारा ऐकू आला आणि खाली तोटी पूर्ववत वाहू लागली.

त्या प्रसंगाने एक गोष्ट माझ्या मनावर कायमची ठसली. पाणी थांबले की आपण पाण्याचीच वाट धुंडाळतो. परंतु टाकीतून जेवढे पाणी बाहेर जाते तेवढीच हवा आत यावी लागते, आणि ती वाट बंद झाली तर भरलेली टाकीही रिकाम्या टाकीइतकीच निरुपयोगी ठरते. गाडीवरील पाण्याच्या व्यवस्थेत पुढे जे जे बिघाड मला पाहावयास मिळाले, त्यांतील बहुतेक हवा हवी तेथे न मिळाल्यामुळे अथवा नको तेथे शिरल्यामुळे झालेले होते. हे मर्म एकदा ध्यानात आले म्हणजे दुरुस्तीचे निम्मे काम पाना हाती घेण्यापूर्वीच उरकते. प्रस्तुत लेखाचा हेतू हे मर्म आणि त्याला जोडून येणारी नित्याची निगा वाचकांपुढे क्रमाने मांडावी, एवढाच आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत चाकांवरचे पाणी ही नवलाईची गोष्ट नाही. आषाढीला निघणाऱ्या दिंड्या, मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला येणारी बिऱ्हाडे, हंगामात साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या, या सर्वांना पाण्याची तजवीज बरोबर घेऊनच निघावे लागते. आणि रात्री ताडपत्रीचे छत वर उचलून बांधले की मालमोटारीच्या हौद्याचेच घर बनते. अलीकडे सहकुटुंब प्रवासाची हौस असलेली मंडळी टेम्पोवर उघडझाप होणारे छत, स्वयंपाकाचा ओटा आणि लहानसे न्हाणीघरही बसवून घेऊ लागली आहेत, व राज्य शासनाने २०२१ साली कारवाँ पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. व्यवस्था साधी असो वा सुखसोयींनी युक्त असो, तिची अंगे मात्र तीच : टाकी, तिचे झाकण आणि हवेचे छिद्र, तळाचा कॉक, जाळी, नळी, असल्यास बॅटरीवर चालणारा पंप, आणि शेवटी तोट्या.

लातूरचा धडा

वाहनावरून पाणी नेण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच भागात घडले आहे. २०१६ सालच्या उन्हाळ्यात, लातूर शहराची तहान भागविणारे मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडले असता, कृष्णेचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणण्याचा बंदोबस्त झाला, आणि १२ एप्रिल रोजी दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात आली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी आणू लागली. ज्या पंढरपुराची वाट आपले वारकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्याच पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शीच्या लोहमार्गाने त्या वर्षी पाणी लातूरकडे उलट चालत आले, हा योग लातूरकर सहसा विसरणार नाहीत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या घटनेतील एक बारकावा मोलाचा आहे. त्या वाघिणी पाणी भरण्यापूर्वी राजस्थानातील कोटा येथील रेल्वेच्या कारखान्यात वाफेने धुऊन काढण्यात आल्या होत्या. शहर तहानेने व्याकूळ झालेले असतानाही प्रथम पात्राची शुद्धी, मग पाणी, हा क्रम मोडला गेला नाही; आणि हाच क्रम हजार लिटरांच्या लहानशा टाकीलाही अक्षरशः लागू आहे.

प्रस्थानापूर्वीची सफाई

प्रस्थानाच्या किमान आठ दिवस आधी टाकी पूर्ण रिकामी करून उन्हात उघडी ठेवावी आणि बॅटरीच्या उजेडात तिचा तळ न्याहाळावा. वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेल्या टाकीत धूळ, पाली, झुरळांची अंडी आणि हिरवट शेवाळाचा थर सापडतो. लांब दांड्याच्या ब्रशाने तळ व भिंती घासून, गाळ तळाच्या वाटेने बाहेर काढून टाकावा. परंतु मूल असो वा मोठा माणूस, कोणालाही टाकीत उतरवू नये, आणि आत औषध टाकल्यावर तर मुळीच नव्हे, कारण बंद जागेत वायू कोंडून जिवावर बेतू शकते.

घासून झाले म्हणजे निर्जंतुकीकरण. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो, आणि त्या हिशेबाने हजार लिटर पाण्यास १५० ग्रॅम पावडर घातली असता दर लिटरामागे सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो, जो टाकी व नळ्या शुद्ध करण्यास पुरेसा असतो. पावडर थेट टाकीत न टाकता प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढीच टाकीत ओतावी, म्हणजे चुन्याचा गाळ पुढे जाळीत अडकत नाही. त्यानंतर टाकी काठोकाठ भरून प्रत्येक तोटी, क्लोरीनचा वास येईतोपर्यंत, एकेक करून उघडावी व बंद करावी. हे पाऊल पुष्कळ लोक गाळतात, आणि मग टाकी शुद्ध पण नळी अशुद्ध अशी विसंगत स्थिती उरते. रात्रभर हे पाणी तसेच ठेवून सकाळी सोडून द्यावे, मात्र ते ओढ्यात वा गुरांच्या हौदात जाणार नाही याची खबरदारी घ्यावी. आणि वास नाहीसा होईपर्यंत स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा टाकी विसळावी.

आपल्या भागातील विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असल्यामुळे तोट्यांच्या तोंडाशी, जाळीवर आणि पंपाच्या आत क्षारांचा पांढरा थर जमतो. तोट्या व जाळ्या सोडवून त्या लिंबाच्या रसात अगर व्हिनेगरमध्ये काही तास भिजत घालाव्यात आणि जुन्या दातघाशीने घासाव्यात. येथे एक इशारा गांभीर्याने देतो : आम्ल आणि ब्लिचिंग पावडर यांची गाठ कधीही पडू देऊ नये, दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू उसळतो. एक काम पूर्ण करून, भरपूर पाण्याने धुऊन, मगच दुसरे हाती घ्यावे.

टाकीची जागा आणि बांधणी

एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, म्हणजे हजार लिटरांची टाकी भरली की गाडीवर एक टन भार चढला, हा हिशेब सोपा असूनही गाडी भरताना नेमका तोच सुटतो. गाडीच्या नोंदणीपुस्तकातील भारक्षमता पाहून त्यात माणसे, शिधा, भांडी आणि पाणी यांची बेरीज बसते की नाही हे कागदावर मांडून घ्यावे. टाकीची जागा मागच्या आसाच्या किंचित पुढे आणि रुंदीच्या मध्यावर असावी; अगदी मागे टाकी ठेवल्यास पुढची चाके हलकी होऊन सुकाणूचा ताबा सुटतो. अर्धवट भरलेली टाकी वळणावर आणि उतारावर हिंदकळते व गाडीला आपल्याबरोबर ओढते. म्हणून बालाघाटाच्या डोंगररांगा उतरताना टाकी एकतर भरलेली असावी नाहीतर रिकामी.

या दृष्टीने हजार लिटरांच्या एका टाकीपेक्षा पाचशेच्या दोन टाक्या केव्हाही श्रेयस्कर. एक संपेपर्यंत दुसरी भरलेली राहते, हिंदकळणे निम्म्यावर येते, आणि एखाद्या गावचे पाणी खराब निघाले तर सगळा साठा नासत नाही. दोन्ही टाक्यांना स्वतंत्र कॉक असावेत व पिण्याच्या टाकीवर ठळक अक्षरांत तशी खूण असावी.

प्लास्टिकच्या टाकीचा तळ संपूर्ण टेकलेला असावा लागतो. नुसत्या चार लोखंडी पट्ट्यांच्या घडवंचीवर ती ठेवली तर खड्ड्यांच्या रस्त्याने तिचा तळ पट्टीच्या कडेवर चिरतो. म्हणून घडवंचीवर प्रथम जाड फळी, तीवर गोणपाट आणि मग टाकी, अशी रचना करावी आणि ती दोराऐवजी रुंद पट्ट्यांनी हौद्याच्या कड्यांना आवळावी. घडवंची जितकी उंच तितका धारेचा जोर अधिक. मीटरभर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम एवढा दाब मिळतो, आणि हातपाय धुण्यास वा हंडा भरण्यास तेवढा पुरतो.

गाडीवरील बांधणीत सर्वांत नाजूक जागा म्हणजे टाकी आणि नळी यांचा सांधा. घरी टाकी स्थिर असते म्हणून तिला ताठ पाइप चालतो. गाडीवर टाकी एका लयीत हलते आणि हौद्याला बांधलेला पाइप दुसऱ्या, व त्या ओढाताणीत टँक निपलच फुटते. यावर उपाय सोपा आहे : कॉक आणि पुढचा पाइप यांच्यामध्ये हातभर लांबीची लवचीक नळी घालावी आणि ती दोन्ही टोकांना क्लिपने आवळावी. आट्यांवर टेफ्लॉन टेप वापरावी; सुतळी आणि सफेदा ही जुन्या कारागिरांची सवय पिण्याच्या पाण्यासाठी टाळावी, कारण सफेद्यात शिसे असू शकते.

पाणी घेताना

वारीच्या वाटेवर रोज नवे गाव आणि रोज नवे पाणी. एके काळी यात्रांमधून पटकीची साथ गावोगाव पसरत असे, आणि तिचे मूळ दूषित पाण्यातच होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. म्हणून पाणी कोणत्या गावी, कोणत्या विहिरीतून अथवा टँकरमधून, किती वाजता घेतले, याची नोंद एका वहीत ठेवावी. कोणाचे पोट बिघडलेच तर ही वहीच पहिली साक्षीदार ठरते.

पाणी गढूळ असल्यास क्लोरीनची शक्ती त्या गाळातच खर्च होते. ते प्रथम पिंपात घेऊन त्यात तुरटी फिरवावी, निवळू द्यावे आणि चौपदरी फडक्यातून टाकीत सोडावे. त्यानंतर पिण्यासाठी हजार लिटरांस पाच ग्रॅम ब्लिचिंग पावडरची निवळी घालून किमान अर्धा तास थांबावे. पुरेसा क्लोरीन उरला आहे की नाही हे ओ.टी. चाचणीने पाहता येते : परीक्षानळीतील पाण्यात औषधाचे थेंब टाकताच ते पिवळसर झाले तर क्लोरीन आहे, रंग न आला तर नाही. भारतीय मानकानुसार दर लिटरास किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा. ब्लिचिंग पावडर मात्र उघडी राहिली की निःसत्त्व होते, तेव्हा ती घट्ट डब्यात, कोरड्या व गार जागी ठेवावी, आणि मागच्या वर्षीच्या पुडीवर विसंबू नये.

हेही ध्यानात असावे की क्लोरीनने जंतू मरतात, विरघळलेले क्षार जात नाहीत. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांतील विंधनविहिरींत फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते, आणि ते उकळूनही जात नाही; उलट पाणी आटल्याने वाढते. ग्रामपंचायतीने ज्या विंधनविहिरीवर पिण्यास अयोग्य अशी खूण केली असेल, तिचे पाणी केवळ धुण्यासाठीच घ्यावे.

टाकी भरण्याची नळी स्वतंत्र ठेवावी. तीच नळी गाडी धुण्यास वापरू नये, आणि काम झाल्यावर तिची दोन्ही टोके बुचाने बंद करावीत. भरताना नळीचे टोक टाकीतील पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण वरचा दाब अकस्मात गेला तर टाकीतील पाणी उलट ओढले जाऊन त्या गावच्या नळात जाते. ज्या गावाने आपल्याला पाणी दिले, त्या गावाचे पाणी आपल्यामुळे बिघडू नये, हा साधा कृतज्ञतेचा भाग आहे.

बिघाडाचा तपास

आता मुख्य भाग. बिघाड झाला की घाईने एकाच वेळी तीन ठिकाणी पाना लावू नये. पाणी ज्या वाटेने येते त्याच वाटेने, टाकीपासून तोटीकडे, एकेक अंग पारखीत जावे, आणि प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारावे : येथे पाणी आहे काय, आणि येथे हवा कशी वागते आहे?

टाकी भरलेली आहे, कॉक उघडा आहे, तरी धार क्षीण होत थांबते. अशा वेळी प्रथम झाकण सैल करावे. धार तत्काळ वाढली तर दोष हवेच्या छिद्राचा. चिखल, कोळ्याचे जाळे, बांधलेला कागद अथवा वर ठेवलेली वळकटी यांपैकी काहीतरी छिद्रावर बसलेले असते, आणि टाकीच्या भिंती आत ओढल्यासारख्या दिसू लागतात. छिद्र मोकळे करून त्यावर बारीक जाळी बसवावी, म्हणजे हवा आत येईल आणि डास येणार नाहीत.

झाकण उघडूनही धार वाढली नाही, तर कॉकपुढची नळी सोडवून पाहावी. तेथे जोरात पाणी आले तर अडथळा पुढे आहे, न आले तर कॉक अथवा टाकीचे तोंडच गाळाने भरले आहे. पुढचा अडथळा बहुधा जाळीत असतो. ती आठवड्यातून एकदा आणि गढूळ पाणी घेतल्यानंतर त्याच दिवशी धुवावी.

तोटीतून पाणी आणि हवा मिळून खोकल्यासारखे झटके देत येते, मध्येच थांबते. नळीचा काही भाग मध्येच उंच उठलेला असला की तेथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाण्याची वाट अडवून बसतो. सर्व तोट्या पूर्ण उघडून पाणी सोडावे. तेवढ्याने न भागल्यास शेवटच्या तोटीला नळी लावून उलट दिशेने पाणी सोडावे, म्हणजे बुडबुडा टाकीच्या वाटेने निघून जातो. कायमचा उपाय मात्र एकच : नळी टाकीपासून तोटीपर्यंत सतत उतरती बांधावी, मध्ये कोठेही कमान राहू देऊ नये.

पंप असलेल्या गाडीत तक्रारीचे प्रकार थोडे वेगळे. पंप मुळीच फिरत नसेल तर प्रथम फ्यूज, मग बॅटरीची टोके आणि मग तारा पाहाव्यात. टोकांवर हिरवट-पांढरा थर जमला असेल तर तो घासून काढावा. येथे एक चूक वारंवार होते : मोठ्या मालमोटारीची विद्युत्‌व्यवस्था बहुधा २४ व्होल्टांची आणि लहान टेम्पोची १२ व्होल्टांची असते, व १२ व्होल्टांचा पंप मोठ्या गाडीच्या बॅटऱ्यांना जोडला की तो जळून जातो. पंप फिरतो पण मंद, तर तार बारीक आहे अथवा बॅटरी उतरली आहे.

पंप जोरात फिरतो आणि पाणी मात्र येत नाही, ही तक्रार पुन्हा हवेची. पंपाआधीच्या नळीची एखादी क्लिप सैल झाली, तर तेथून पाणी बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते; त्यामुळे कोठेही ओल दिसत नाही आणि दोष सापडत नाही. त्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. फेस आत ओढला जाईल तेथे दोष आहे असे समजावे. क्लिप आवळून, पंपात एकदा पाणी भरून, मग तो सुरू करावा. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली बसविला असेल तर पाणी आपोआप त्यात उतरते आणि ही तक्रार क्वचितच उद्भवते. कोरडा पंप मिनिटभराहून अधिक काळ चालू देऊ नये. त्याचे अंतर्भाग पाण्यानेच गार राहतात.

सर्व तोट्या बंद असताना पंप थोड्या थोड्या वेळाने आपणच सुरू होतो, याचा अर्थ पंपापुढे कोठेतरी गळती आहे अथवा पंपातील उलट-रोधक पडदा झिजला आहे. सांध्यांखाली कोरडे वर्तमानपत्र पसरून तासभर ठेवावे. ओलसर डाग पडेल तेथे गळती आहे. सर्व कागद कोरडे राहिले तर पडद्याकडे वळावे. हा दोष किरकोळ वाटतो, पण रात्रभरात तो बॅटरी संपवितो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

पाण्याला वास येतो अथवा ते हिरवट दिसते. प्रकाश आत जाणाऱ्या टाकीत शेवाळ वाढतेच. म्हणून टाकी काळ्या अपारदर्शक प्लास्टिकची असावी आणि तापू नये म्हणून तीवर ओले गोणपाट टाकावे अथवा बाहेरून पांढरा रंग द्यावा. वास आला की चव घेऊन पाहू नये. टाकी रिकामी करून, घासून, पूर्वी सांगितलेल्या रीतीने निर्जंतुक करावी. पिण्याचे पाणी दोन दिवसांहून अधिक काळ टाकीत पडू देऊ नये.

सांडपाण्याचा बंदोबस्त

आणलेल्या पाण्याइतकीच काळजी सोडलेल्या पाण्याची घेतली पाहिजे. साठ माणसांच्या भांड्यांचे आणि आंघोळीचे पाणी मुक्कामाच्या जागी साचून राहिले की दुसऱ्या दिवशी तेथे उतरणाऱ्या दिंडीला चिखल आणि डास यांचाच वारसा मिळतो. या बाबतीत नांदेड जिल्ह्याने साऱ्या राज्याला वाट दाखविली आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे नाहीशी केली आणि डासांचा उपद्रव आटोक्यात आणला, आणि ही पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सुमारे चार फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा, मध्यभागी छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, एवढीच त्याची रचना.

दरसाल ठरलेल्या मुक्कामावर उतरणाऱ्या दिंड्यांनी ग्रामपंचायतीच्या संमतीने असा एक खड्डा कायमचा करून ठेवावा. ते शक्य नसेल तेथे गाडीखाली सांडपाण्याची स्वतंत्र लहान टाकी बांधावी, तिच्या तोंडाशी अन्नकण अडविणारी जाळी ठेवावी आणि ती विहीर, ओढा व पाणवठा यांपासून दूर, मोकळ्या माळावर रिकामी करावी. या टाकीचा कॉक आणि पिण्याच्या टाकीचा कॉक यांना भिन्न रंग द्यावा. अंधारात आणि घाईत माणसाला रंगच आधार देतो.

परतल्यावर

वारी संपली की थकलेली मंडळी गाडी तशीच उभी करून घरोघर जातात, आणि पुढच्या वर्षीच्या बहुतेक बिघाडांचा पाया याच दिवशी घातला जातो. टाकी, नळ्या आणि पंप पूर्ण रिकामे करावेत. सर्व तोट्या व कॉक उघडे ठेवून दोन दिवस हवा खेळू द्यावी. जाळ्या धुऊन, वाळवून कागदात गुंडाळून ठेवाव्यात. टाकी कोरडी झाल्यावरच झाकण लावावे. रबराचे वॉशर, दोन क्लिपा, टेफ्लॉन टेपचे एक रीळ, एक जादा तोटी, योग्य क्षमतेचे दोन फ्यूज, हातभर लवचीक नळी आणि दोन पाने, एवढे जिन्नस एका डब्यात भरून तो डबा गाडीतच कायम राहू द्यावा. कोणता दोष कोठे आढळला आणि त्यावर काय इलाज केला, याची चार ओळींची नोंद पाण्याच्या वहीत करून ठेवावी. पुढच्या वर्षी चालक बदलला तरी ती वही बदलत नाही.

कंधार येथे राष्ट्रकूटांच्या काळातील जगत्तुंग समुद्र नावाचा विस्तीर्ण तलाव आजही आहे. दहा शतकांपूर्वी या भूमीवर राज्य करणाऱ्यांनी पाणी साठविण्यासाठी एवढे सायास केले, ते येथील पाऊस बेभरवशाचा आहे हे जाणूनच. आपल्या वाट्याला आलेला साठा पाचशे वा हजार लिटरांचा असला, तरी त्यावर पन्नास-साठ माणसांचे आरोग्य अवलंबून असते, आणि त्यांत वृद्ध असतात, लेकुरवाळ्या असतात.

म्हणून प्रत्येक दिंडीने, टोळीने आणि यात्रेकरूंच्या मेळ्याने पाण्यासाठी एक माणूस नेमावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दिंडीत वीणा सांभाळणारा एक असतो, शिस्त सांभाळणारा चोपदार असतो. तसा टाकी, वही आणि दुरुस्तीचा डबा यांची जबाबदारी घेणारा एक असावा, आणि त्याचा शब्द पाण्याच्या बाबतीत सर्वांनी मानावा. प्रस्थानाच्या आदल्या संध्याकाळी त्याने शेवटचे काम म्हणून टाकीवर चढावे, झाकणाचे छिद्र मोकळे आहे की नाही हे स्वतःच्या हाताने पाहावे, आणि मगच गाडी हलू द्यावी.